मंगलाष्टकांखालचं नाव

या लिखाणात मी कोणाचंच नाव घालणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. आमच्या घरात नावावरून जे झालं त्याचा राग मला अजून येतो, आणि ज्यांनी दुसऱ्याच्या कष्टांखाली आपलं नाव छापून घेतलं त्यांना माझ्या हातून आणखी एकदा छापून यायची संधी मी देणार नाही. तेव्हा काका म्हणजे काका आणि सासूबाई म्हणजे सासूबाई.

माझं माहेर रेवसचं. वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. शाळेतून घरी येताना ते मोठ्याने श्लोक म्हणत चालत आणि मी त्यांच्या मागून तसंच म्हणत जाई. वृत्त म्हणजे काय हे मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही. ते पायांत बसलं. मराठी सातवी झाले आणि लगेच लग्न होऊन नागावला आले. सासरी नारळी-पोफळीची वाडी, विहिरीवर रहाट, मागच्या पडवीत सोललेल्या सुपारीचे ढीग. नवरा मुंबईला एका कचेरीत कारकून होता. सुट्टी मिळाली की बोटीने रेवसला उतरून टांग्याने घरी यायचा आणि आल्याआल्या परत जायचं बोलायचा. घरात सासूबाई, माझी धाकटी नणंद आणि काका. काका म्हणजे माझे चुलत सासरे. अलिबागच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. मामंजी गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले.

त्या काळी आमच्याकडे लग्न म्हटलं की नवी मंगलाष्टकं हवीतच. जुनी, पाठ असलेली भटजी म्हणतच, पण त्यांच्या जोडीला खास त्या लग्नासाठी रचलेले श्लोक म्हटले नाहीत तर त्या घराला काही अर्थ नाही असं लोक समजत. त्यांत वधूचं नाव, वराचं नाव, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे उल्लेख. कोणाला वगळलं तर तो मांडवातच रुसून बसे. हे श्लोक अलिबागच्या छापखान्यात गुलाबी कागदावर एका बाजूने छापून आणायचे आणि अक्षतांबरोबर वाटायचे. खाली ठळक अक्षरात ‘रचणार’ आणि पुढे रचणाऱ्याचं नाव.

मी घरात आले त्या वर्षी काकांनी शेजारच्या लग्नाची मंगलाष्टकं करून देतो असं कबूल केलं होतं. कोर्टात इतकी वर्षं अर्ज लिहिले, त्यामुळे श्लोकही लिहिता येतील असं त्यांना वाटलं असावं. ओटीवर बसून ते एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि ती दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होती, रहाटाचा एक लोटा फुटका असला की फेऱ्यात जसा खड्डा पडतो तशी. मी आत सुपारी निवडत होते. माझ्याने राहवेना. मी दाराआडून म्हटलं, “काका, ‘कुलदीपक’ काढून ‘पुत्र’ घातलं तर बसेल.” बसलं. मग दुसरी ओळ बसवली, तिसरी बसवली, आणि संध्याकाळपर्यंत आठही श्लोक माझे झाले. छापून आले तेव्हा खाली काकांचं नाव होतं.

मला तेव्हा रागसुद्धा आला नाही. नवी सून होते, उलट कौतुकच वाटलं की आपलं काहीतरी छापलं गेलं. मग मात्र पायंडाच पडला. नागाव, चौल, रेवदंडा, कुठलंही लग्न असो, माणसं नारळ घेऊन काकांकडे येत, काका तो नारळ मांडीवर ठेवून डोळे मिटून “बघू, सुचतंय का” म्हणत, आणि माणसं गेली की माजघराच्या दारात येऊन “सूनबाई, सोमवारपर्यंत हवंय” म्हणत. लोक त्यांना कविराज म्हणू लागले. घरात सगळ्यांना ठाऊक होतं कोण लिहितं ते. पण सासूबाईंचं म्हणणं असं की, “यमकं ती जुळवते हो, बुद्धी भावजींची.” आणि माझा नवरा म्हणे, “तुला हौस आहे ना, मग झालं तर.” हौस! चुलीवर भात रटरटत असताना कोणाच्या तरी आतेभावाचं कौतुक शार्दूलविक्रीडितात कोंबायची हौस कोणत्या बाईला असते ते मला एकदा दाखवा.

माझ्या डोक्यात होती ती गोष्ट. खरीखुरी, गद्यात लिहायची गोष्ट. रेवसच्या धक्क्यावर लहानपणी मी एक बाई पाहिली होती. दर शनिवारी ती धुतलेलं लुगडं नेसून मुंबईच्या बोटीला येई, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखे आणि सगळे उतरले की खलाशांना चिडून म्हणे, “अजून कोन ऱ्हायलाय बगा की आत!” आत कोणीच राहिलेलं नसे. लोक हसत. मला ती बाई लिहायची होती. तिचं रडणं नव्हे, तिचं ते चिडणं. मुंबईचं एक मासिक आमच्या गावच्या वाचनालयात येई, नवरा ते कधीमधी घरी आणी, आणि त्यातल्या गोष्टी वाचून मला वाटे, हे आपल्यालाही येईल. याहून चांगलं येईल.

लग्नांतून उरलेले गुलाबी कागद घरात पडलेले असत. दुपारी सगळे आडवे झाले की मी मागच्या पडवीत बसून त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिही. पुढच्या बाजूला काकांचं नाव, मागे माझी बाई. गोष्ट लिहून झाली. पण मासिकाकडे धाडायची म्हणजे पांढऱ्या कागदावर स्वच्छ उतरवायला हवी, आणि ते काही होईना.

कारणं काय कमी होती? आधी सुपारीचा हंगाम, मग लग्नसराई. लग्नसराई संपली की पावसाळा तोंडावर, बोटी बंद, टपाल फेरा घालून जाणार, भिजलं तर? गणपती झाले की मग. मग नवरात्र. मग दिवाळीत संपादकांना कामं असतील. माझी गोष्ट घरातून निघायच्या आतच मी तिला सगळ्या तिथी आणि सगळे वार वाईट ठरवले. एकदा हिय्या करून मी नवऱ्याजवळ विषय काढला. तो म्हणाला, “काकांना विचार.” काकांना विचारलं. त्यांनी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय.

“सूनबाई, मासिकाचं आयुष्य महिन्याचं. मग ते रद्दीत, रद्दी वाण्याकडे. घरातल्या सुनेचं नाव उद्या मिरच्यांच्या पुडीवर जायचं आणि कुठल्या कोण माणसाच्या हातात पडायचं. शोभेल का आपल्याला?”

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याने नको म्हटलं की किती बरं वाटतं! त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानातून जिरं आलं ते गुलाबी कागदाच्या पुडीत. पुडीवर काकांचं नाव. काकांनी ती पुडी सोडवून, सरळ करून, आल्यागेल्याला दाखवली. “पाहा, कुठवर पोचलंय,” असं म्हणत ते हसत. म्हणजे त्यांचं नाव जिऱ्याला लागलं की ती कीर्ती आणि माझं लागलं की ती बेअब्रू. हे मला त्या दिवशी उमगलं आणि तरी मी कागदाला हात लावला नाही, याची चीड मला काकांवरच्या चिडीहून जास्त आहे.

मग मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष आलं. आमच्या किनाऱ्यावरही सभा झाल्या, फेऱ्या निघाल्या. ज्या बायका कधी एकट्या देवळात गेल्या नव्हत्या त्या उन्हातान्हात रस्त्यावर आल्या. माझ्याबरोबर शिकलेली रेवसची एक मैत्रीण तुरुंगात जायच्या तयारीने घरातून निघाली असं कळलं. आणि मी? मला टपालपेटीची भीती वाटत होती. चिंचेखालच्या त्या लाल डब्यापाशी जाऊन आत एक पाकीट टाकायला माझा हात उठत नव्हता. कोणी धरून ठेवला होता असंही नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. पोर माझ्यावर फार माया करी. “वहिनी, माझी मंगलाष्टकं सगळ्यात छान करा,” असं तिने हक्काने सांगितलं, आणि मी ती जीव ओतून केली. प्रत्येकाला मान दिला. वराच्या मामांवर एक पूर्ण श्लोक लिहिला, कारण मांडवात नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामाच उभा असतो, आणि हे मामा फार मानापानाचे आहेत हे आमच्या आधीच कानावर आलं होतं. काका कागद घेऊन अलिबागला गेले. छापून गठ्ठा आला तो थेट लग्नाच्या आदल्या दिवशी. मी कामात बुडालेली. उघडून पाहायला कोणाला सवड होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात कागद वाटले गेले आणि बाहेर गलका झाला. मामा पाटावरून उठून मांडवाच्या कडेला जाऊन बसले होते. “आमचा उल्लेख नाही. आम्ही कोणी नाही. मग आम्ही उभं कशाला राहायचं?” वराची आई रडायला लागली. मुहूर्त तोंडावर आलेला. मी एक कागद ओढून घेतला. मामांचा श्लोक नव्हता. त्या जागी एक नवीनच श्लोक होता, लंगडा, वृत्ताला सोडून, आणि त्यात काकांनी स्वतःचं नाव गुंफलं होतं. अमुक अमुक कवी वधूवरांना आशीर्वाद देतो, असं. खाली ‘रचणार’ म्हणून छापलेलं त्यांना पुरलं नव्हतं. श्लोकातही पाहिजे होतं. कागदावर आठच मावत होते, तेव्हा एक काढायला हवा, म्हणून मामा गेले.

बाहेर लोक म्हणत होते, “अहो, कविराज बसलेत ना इथेच! घाला की एक श्लोक आयत्या वेळी, त्यात काय!” काका घामाघूम होऊन माजघराच्या दारात आले. मी नणंदेच्या मुंडावळ्या बांधत होते.

“सूनबाई, चार ओळी. लौकर.”

“होत्या की काका. तुम्हीच काढल्यात ना?”

“आता वाद नको. लिहून दे.”

“लिहून देणार नाही,” मी म्हटलं. “म्हणते मी.”

मंगलाष्टकं बायकाही म्हणत, त्यात काही जगावेगळं नव्हतं. पण मी मनाशी म्हटलं, आता सगळ्यांसमोर उभी राहते, कागद नाही, काही नाही, तोंडाने म्हणते. मग कळू दे कोणाचं आहे ते. अंतरपाटाजवळ जाऊन मी खणखणीत आवाजात सुरू केलं, “मामा थोर उभे वरासह इथे, पाठीस आधार हा…” पुढच्या तिन्ही ओळी तशाच, न अडखळता. मामा दुसऱ्या ओळीला उठले, तिसरीला नवऱ्यामुलाच्या मागे येऊन उभे राहिले, आणि चौथीला त्यांनी पागोटं नीट केलं. अक्षता पडल्या. लग्न लागलं. पोर सुखाने सासरी जाणार या आनंदात माझे डोळे भरून आले.

आणि मग मामा तरातरा चालत आले ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. “वा कविराज वा! उभ्या उभ्या श्लोक! आणि सुनेकडून म्हणवूनही घेतलात! धन्य!”

काका म्हणाले, “देवाची कृपा. सुचलं.”

सुचलं! स्वतःच्या हाताने काट मारलेला श्लोक त्यांना सुचला! मी तिथे अक्षतांचं तबक हातात धरून उभी होते. माझ्या तोंडून निघालेले शब्द भर मांडवात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या कानांदेखत दुसऱ्याचे झाले होते, आणि तेही कोणी चोरून नेले नव्हते, आनंदाने उचलून दिले होते. बाई बोलली म्हणजे कोणीतरी तिला शिकवून पाठवलं असणार. तिच्या पोटातून काही निघतं हे त्या मांडवात एकालाही सुचलं नाही. तबक त्या मामांच्या पागोट्यावर पालथं करावं असं मला वाटलं. मी ते सासूबाईंच्या हातात दिलं आणि आत गेले.

माझी भीती त्या दिवशी गेली. धीर आला म्हणून गेली असं मी म्हणणार नाही. राग इतका मोठा झाला की तिला बसायला जागाच उरली नाही. पाहुणे पांगल्यावर मी पांढरे कागद मागवले, आणि भर दुपारी, ओटीवर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत बसून गोष्ट उतरवली. पावसाळा तोंडावर होता, बोटी बंद व्हायच्या बेतात होत्या. भिजली तर भिजू दे. खाली माझं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. कोणाला विचारलं नाही. चिंचेखालच्या डब्यात पाकीट टाकून मी परत आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “कुठे गेली होतीस?” मी म्हटलं, “टपालात.” त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या. इतकं सोपं होतं ते, आणि मी त्यासाठी इतकी वर्षं घालवली.

गोष्ट छापून आली. गणपतीला नवरा घरी आला तो अंक घेऊनच. बोटी सुरू झालेल्या नव्हत्या, तो पेणवरून खडखडत आला होता, आणि थकलेला असूनही दारातूनच हाका मारत आला. मी हात पुसून पुढे गेले. माझं नाव छापलेलं होतं. काळ्या शाईत, पूर्ण. त्यावर बोट फिरवावं असं वाटलं, पण हात ओले होते. नवरा कौतुकाने माझ्याकडे पाहत म्हणाला, “फार सुंदर झालीय गं. काकांनी तपासून दिली का?”

सासूबाई म्हणाल्या, “वाटलंच. भावजींचा हात लागला की सोनं होतं.”

वाचनालयातले लोक म्हणाले, कविराज आता गोष्टीही लिहितात, सुनेच्या नावाने. मोठं मन! आणि काका? काकांनी नाही म्हटलं असं कोणाला वाटत असेल तर तो त्यांना ओळखत नाही. ते नुसते हसले आणि म्हणाले, “थोडंफार सांगावं लागतं.” मी रात्रभर रडले असं लिहिलं तर शोभेल, पण मी रडले नाही. मी तुळशीचं लग्न होण्याची वाट पाहिली.

तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली. चौलहून पहिली मंडळी नारळ घेऊन आली. काकांनी नारळ मांडीवर ठेवला, डोळे मिटले, “बघू, सुचतंय का” म्हणाले. मंडळी गेली. काका दारात आले.

“सूनबाई, सोमवारपर्यंत हवंय.”

मी नारळ खवत होते. खवता खवताच म्हटलं, “मला कुठे येतं काका? माझी गोष्टसुद्धा तुम्हीच लिहिलीत ना.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही. गावाला ठाऊक आहे, ह्यांना ठाऊक आहे. तुम्ही स्वतः सांगितलंत. मग मी तुमच्या कामात हात कशाला घालू?”

काकांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई वाती वळत होत्या. त्या काकांना मुद्दाम म्हणाल्या की भोळेपणाने, हे मला त्या असेपर्यंत कळलं नाही. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, “लिहा की भावजी. बुद्धी तुमचीच तर आहे.”

काका ओटीवर बसले. संध्याकाळपर्यंत ती एकच ओळ ऐकू येत होती, आणि ती एकाच ठिकाणी अडखळत होती. मी कुठला शब्द काढायला हवा ते मला आतून कळत होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंडात सुपारी टाकली. रविवारी काकांनी चौलला निरोप धाडला की डोळ्यांना दिसत नाही, जुनीच मंगलाष्टकं म्हणा. त्यानंतर आमच्या घरातून गुलाबी कागद निघाला नाही. आपण कविता सोडली असं काका सगळ्यांना सांगत, आणि लोक हळहळत, आणि माझ्याकडे असं पाहत की जणू मीच त्यांचं काहीतरी घेतलं.

हळहळू देत. त्या सोमवारी दुपारी मी ओटीवर पांढरा कागद पुढे ओढला. दुसरी गोष्ट काय लिहायची ते अजून ठरलं नव्हतं. आधी वर माझं नाव लिहिलं, मग विचार करायला बसले.